समाज बदलतोय हे दाखवायचं कसं? पहिल्यांदाच फील्डवर उतरणाऱ्यांसाठी

"समाज कसा बदलतोय यावर रिसर्च करायचाय" असं सांगणारे खूप भेटतात. कुणाचं एमएचं डेझर्टेशन असतं, कुणी एनजीओत असतं, कुणाला नुसतीच हौस असते. आणि बहुतेकांचा प्लॅन सेम असतो: एक वस्ती पकडायची, म्हाताऱ्यांना विचारायचं पूर्वी कसं होतं, तरुणांना विचारायचं आता कसं आहे, आणि दोन उत्तरांमधला फरक म्हणजे बदल. ऐकायला एकदम बरोबर वाटतं पण हे चालत नाही, कारण यात "आधी" कधी मोजलेलंच नसतं, ते फक्त आठवलेलं असतं. माझं सगळं म्हणणं एवढ्या एकाच गोष्टीभोवती आहे की आधीचं मोजमाप हातात नसेल तर बदलावर बोलू नका, आणि ते कुठून कसं मिळवायचं ते खाली पायऱ्यांनी सांगतो. पायऱ्या लहानमोठ्या आहेत, काही ठिकाणी जरा जास्तच बोललोय, चालवून घ्या.

पायरी १: प्रश्न बारीक करा

"सोशल मीडियामुळे समाज बदलला का" हा प्रश्न नाहीये, हा भाषणाचा विषय आहे. प्रश्नात चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: कोण बदललं (माणूस, घर, की अख्खी वस्ती), नेमकं काय बदललं, कधीपासून कधीपर्यंत, आणि कशाच्या तुलनेत. समजा तुम्हाला वाटतंय की शेजाऱ्यापाजाऱ्यांचं येणंजाणं कमी झालंय. ठीक आहे, मग असं लिहा: या वस्तीतल्या घरांमध्ये आधी न कळवता सहज येणाऱ्या शेजाऱ्यांची एका आठवड्यातली संख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी आहे का, आणि शेजारच्या तशाच वस्तीत पण तेवढीच कमी झालीय का. रटाळ वाटतं ना? वाटू दे. एवढं लिहिल्यावर लगेच कळतं की दहा वर्षांपूर्वीचा आकडा आपल्याकडे नाहीच, आणि हे पहिल्या दिवशी कळलेलं बरं, सबमिशनच्या आदल्या आठवड्यात कळण्यापेक्षा.

घर मोजायचं की माणूस, हे पण इथेच ठरवून टाका. घरं फुटतात, जोडली जातात, दहा वर्षांपूर्वीचं एक घर आज तीन ठिकाणी असतं, मग "तेच घर" कुठलं धरणार? माणूस धरला तर हा प्रॉब्लेम कमी होतो पण माणूस गाव सोडतो. दोन्हीला तोटे आहेत, फक्त मधेच बदलू नका.

पायरी २: आधीचा आकडा शोधा

आधीचं मोजमाप नाही असं लोक पटकन म्हणतात. नीट शोधलं तर बरंच काही सापडतं: शाळेची जनरल रजिस्टरं, वाचनालयाच्या वह्या, संस्थांची प्रोसिडिंग बुकं, मतदारयाद्या, जनगणनेचे तक्ते, जुने नकाशे, पेपरातल्या जाहिराती, लोकांच्या घरातले फोटो. कुणीतरी भलत्याच कामासाठी लिहून ठेवलेलं असतं आणि तेच आपल्या कामाला येतं.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मारियनथालचं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ कापडगिरणीवर जगणारं एक छोटं गाव, १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि अख्खं गावच बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल आणि त्यांची टीम १९३१ च्या शेवटाला तिथे पोचली, म्हणजे गिरणी चालू असतानाचं गाव त्यांनी अभ्यासलेलंच नव्हतं. मग आधीचं आणायचं कुठून? त्यांनी वाचनालयाच्या नोंदी काढल्या. बेकार माणसाकडे वेळच वेळ, त्यात पुस्तकांची फी पण काढून टाकलेली, म्हणजे वाचन वाढायला पाहिजे होतं ना? १९२९ ते १९३१ या काळात घरी नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली होती. रिकामा वेळ मिळाला की माणूस तो वापरतो या समजुतीला त्या एका रजिस्टरने सुरुंग लावला. मुलाखतीत हे कुणी सांगितलं असतं का? मला तरी वाटत नाही, "आम्ही वाचायचं सोडलं" असं कोण स्वतःहून सांगणार.

पण कागद सापडला म्हणून लगेच विश्वास टाकू नका. हे कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, आणि मधल्या काळात व्याख्या बदलली का, एवढं तरी विचारा. तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त फसवतो. भारताच्या जनगणनेत १९६१ मध्ये कामकरी बायकांचं जे प्रमाण होतं ते १९७१ ला एकदम निम्म्याच्या आसपास उतरलेलं दिसतं. दहा वर्षांत निम्म्या बायकांनी काम सोडलं? तसं नाहीये. १९६१ ला हंगामात रोज तासाभरापेक्षा जास्त नियमित काम करणारी बाई कामकरी धरली जायची, १९७१ ला आधी मुख्य काम कुठलं ते विचारलं, आणि घरचं सगळं सांभाळून शेतावर जाणाऱ्या बाईने मुख्य काम घरकाम सांगितलं की ती बऱ्याचदा कामकऱ्यांच्या यादीतून बाहेरच पडायची. बाई तीच, काम तेच, प्रश्न वेगळा. त्यामुळे दोन सालांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी दोन्ही सालचे छापील फॉर्म काढून प्रश्नाचे शब्द वाचायचे. हद्दी पण बघायच्या, गाव शहरात गेलं की गावाची लोकसंख्या "शून्य" होते आणि कुणीतरी त्याला स्थलांतर म्हणून मोकळं होतं.

पायरी ३: वय, काळ आणि पिढी यांची गुंतागुंत समजून घ्या

हा भाग थोडा डोकं खाणारा आहे पण टाळता येत नाही.

समजा आज सर्व्हे केला आणि ६० च्या पुढचे लोक शेजाऱ्यांकडे जास्त जातात, २५ चे कमी जातात असं दिसलं. याचे तीन अर्थ निघू शकतात. एक, वय वाढलं की माणूस शेजाऱ्यांकडे जायला लागतोच, आजचे २५ चे लोक पण पुढे जातील, म्हणजे समाज काही बदलला नाहीये. दोन, ती पिढीच वेगळी, लहानपणापासून तशी सवय, ती पिढी गेली की सवय पण गेली. तीन, सध्या काहीतरी असं घडतंय की सगळ्यांचंच जाणं कमी झालंय, फक्त तरुणांचं जास्त. एका वेळच्या सर्व्हेवरून यातलं खरं कुठलं ते कळू शकत नाही. अजिबात नाही. तुमचं सॅम्पल कितीही मोठं असू दे.

पुढची अडचण अशी की बरीच वर्षं डेटा गोळा केला तरी तिन्ही गोष्टी पूर्ण वेगळ्या करता येत नाहीत, कारण चालू सालातून जन्मसाल वजा केलं की वय येतं, दोन माहीत असले की तिसरं आपोआप ठरतं. सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही एकत्र टाकले तर ते एरर देतं नाहीतर एक कॉलम गुपचूप उडवतं आणि तुम्हाला वाटतं आन्सर आलं. यातून सुटण्यासाठी कुठेतरी एक गृहीतक धरावं लागतं. ते उघडपणे लिहा, एवढंच म्हणणं आहे.

पिढीचा विचार मात्र सोडू नका, त्याच्यातच मजा आहे. समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइमने १९२८ मध्येच मांडलं होतं की एकाच सुमाराला जन्मणं पुरेसं नाही, तरुणपणी एकच मोठी घटना अंगावर झेलली की पिढी घडते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डरने यावर फार सुंदर काम केलं. कॅलिफोर्नियात १९२०-२१ ला जन्मलेली ओकलंडची मुलं आणि १९२८-२९ ला जन्मलेली बर्कलीची मुलं, दोन्ही गटांनी १९२९ नंतरची महामंदी बघितली, पण एकाने शाळेतल्या मोठ्या मुलांच्या वयात आणि दुसऱ्याने अगदी तान्हेपणी. संकट एकच, अंतर फक्त सातआठ वर्षांचं, आणि परिणाम वेगवेगळे. तेव्हा "तरुण पिढी" असा एकच गठ्ठा करण्याआधी विचारा की मोठी घटना घडली तेव्हा हे लोक किती वर्षांचे होते.

पायरी ४: डिझाइन ठरवा

चार रस्ते आहेत आणि नवख्या माणसाला त्यातले दोनच झेपतात.

पहिला म्हणजे तेच प्रश्न घेऊन दर काही वर्षांनी नव्या लोकांकडे जाणं. अमेरिकेतला जनरल सोशल सर्व्हे १९७२ पासून असाच चालू आहे, वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे १९८१ पासून. यातून समाज कुठे सरकला ते कळतं, पण कोणता माणूस सरकला ते कळत नाही.

दुसरा, तीच माणसं पुन्हा पुन्हा. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ मधल्या एका आठवड्यात जन्मलेली ५,३६२ बाळं निवडली आणि त्यांचा माग ते आजीआजोबा झाले तरी चालू राहिला. अमेरिकेत १९६८ पासून सुमारे ५,००० कुटुंबं अशीच धरून ठेवलीत, मुलं वेगळी राहायला गेली की त्यांचं नवं घर पण अभ्यासात घेतलं जातं. सोनं आहे हा डेटा. पण खर्च बघा, वर्षं बघा. एका माणसाचं हे काम नव्हे. शिवाय गळती होते, आणि जे गळतात ते सहसा गरीब, आजारी नाहीतर गाव सोडून गेलेले असतात, म्हणजे नेमके ज्यांचं आयुष्य सगळ्यात जास्त बदललं तेच डेटातून गायब.

तिसरा रस्ता, आधी कुणी अभ्यासलेल्या ठिकाणी परत जाणं. हा मी नव्या लोकांना नेहमी सुचवतो कारण आधीचं मोजमाप आयतं मिळतं. उत्तर प्रदेशातलं पालनपूर हे गाव १९५७-५८ पासून पुन्हा पुन्हा अभ्यासलं गेलंय, १९६२-६३, १९७४-७५, १९८३-८४, १९९३ आणि २००८-०९, त्यामुळे शेतीबाहेरच्या कामाला लोक कसे आणि कधी जायला लागले हे तिथे घरागणिक बघता येतं.

फक्त एक धोका आहे. मेक्सिकोतल्या तेपोझत्लानला रॉबर्ट रेडफील्ड १९२६-२७ मध्ये राहिला आणि त्याला गुण्यागोविंदाने नांदणारं गाव दिसलं. ऑस्कर लुइस तिथे १९४३ ला गेला तर त्याला भांडणं, हेवेदावे, संशय, गटबाजी. सतरा वर्षांत गाव एवढं बिघडलं? लुइसचं म्हणणं की हे सगळं आधीपासूनच होतं, रेडफील्डला दिसलं नाही. रेडफील्डने नंतर मोठ्या मनाने मान्य केलं की आपला लपलेला प्रश्न होता या लोकांना आनंद कशात मिळतो, आणि लुइसचा होता हे लोक कशाने त्रासलेत. दोघांचे प्रश्न वेगळे म्हणून गाव वेगळं. तेव्हा पुन्हा जाताना आधीच्या माणसाने काय पाहिलं तेवढं बघून भागत नाही, तो काय शोधत होता, कुणाच्या घरी राहिला, कुणाशी बोलला हे आधी काढा. नाहीतर दोन अभ्यासकांच्या स्वभावातला फरक तुम्ही समाजातला बदल म्हणून छापाल.

चौथा रस्ता म्हणजे एकदाच जाऊन आठवणीवरून मागचं विचारणं. बहुतेक जण नाइलाजाने हाच घेतात. घ्या, पण पायरी ६ नीट वाचून घ्या.

पायरी ५: कुणाला विचारायचं

"किती सॅम्पल घेऊ सर" हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, खरं तर "कुणाला वगळतोय" हा आला पाहिजे. अमेरिकेतल्या मन्सी शहराचा अभ्यास रॉबर्ट आणि हेलन लिंड यांनी १९२४-२५ मध्ये केला, १९३५ ला रॉबर्ट लिंड परत पण गेला, एका शहरातला बदल टिपणारं हे मोठं नावाजलेलं काम. पण तिथल्या कृष्णवर्णीय लोकांना त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवलं होतं, त्यामुळे तो बदल नेमका कुणाचा होता हा प्रश्न पुढच्या अभ्यासकांना उचलावा लागला. तुमच्या यादीत दिवसा घरी असणारेच लोक येत असतील, भाडेकरू सुटत असतील, रात्रपाळीवाले सुटत असतील, तर ते आधीच लिहून ठेवा.

आता आकड्यांचं. रँडम निवडलेल्या ४०० लोकांच्या सर्व्हेत टक्केवारी साधारण ५ अंकांनी इकडेतिकडे होऊ शकते, १००० असतील तर ३. हे बहुतेकांना माहीत असतं. जे विसरतात ते हे की बदल म्हणजे दोन सर्व्हेंची वजाबाकी, आणि वजाबाकीत दोन्हीकडची चूक येऊन मिळते. दोन्ही वेळी ४०० लोक असतील तर फरकातली चूक ७ अंकांच्या घरात जाते. म्हणजे ५२ टक्क्यांवरून ४८ वर आलं तर तुम्ही "घट झाली" असं लिहूच शकत नाही. पेपरातल्या निम्म्या हेडलाइन या एका हिशोबात गळतील.

तुमचं काम मुलाखतींचं असेल तर हा हिशोब लागत नाही, तिथे नवीन माणूस नवीन काही सांगत नाही असं व्हायला लागलं की थांबायचं. एकसारख्या लोकांच्या गटात ते लवकर होतं, वेगवेगळे लोक असतील तर गटागणिक वेगळं मोजायचं.

पायरी ६: विचारायचं कसं

"पूर्वी लोक एकमेकांकडे जास्त जायचे का?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. उत्तर "हो" येणार, प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक काळात. यात माणूस खोटं बोलत नसतो, प्रश्नातच उत्तर ठेवलेलं असतं. त्याऐवजी आजचं असं विचारा: काल सकाळपासून रात्रीपर्यंत तुमच्या दारात कोण कोण आलं? आधी कोण आलं? त्यांना यायला कुणी सांगितलं होतं का, की आपणहून? किती वेळ बसले? मग परवाचं. दोन दिवस नीट निघाले तरी खूप झालं. "साधारणपणे किती येतात" असं विचारलं की माणूस मोजत नाही, स्वतःबद्दलचं मत सांगतो.

मागचं विचारायचं तर आधी काळाला खुंट्या ठोका. रिकामा तक्ता घ्या, एका बाजूला वर्षं लिहा, आणि त्या माणसाला पक्क्या आठवणाऱ्या गोष्टी आधी भरा: लग्न, पहिलं मूल, घर बदललं ते साल, नोकरी लागली, नोकरी गेली, गावात पूर आला. मग तुमचा प्रश्न त्या खुंट्यांना लटकवा, "मोठी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा शेजारी कोण राहायचं, त्यांच्याकडे शेवटचं केव्हा गेलात". उत्तर देताना माणूस थांबतो, बोटं मोजतो, बायकोला आतून हाक मारून विचारतो, मग दोघांची थोडी वादावादी होते आणि त्यातून बरोबर साल निघतं. ती वादावादी कापू नका, रेकॉर्ड चालू ठेवा.

आणि आठवण काळाला ओढते हे लक्षात ठेवा, लांबची घटना जवळ आल्यासारखी वाटते. नेटर आणि वाक्सबर्ग यांनी १९६४ मध्ये घरदुरुस्तीच्या खर्चावर हे दाखवलं होतं, ठरावीक महिन्यांतला खर्च विचारला की लोक त्याच्या आधीचा पण त्यात आणून टाकायचे. त्यावर त्यांनी तपासलेला उपाय म्हणजे दुसऱ्या भेटीत आधीच्या भेटीत सांगितलेलं वाचून दाखवायचं, मग तेच पुन्हा मोजलं जात नाही. जमलं तर दोन भेटी ठेवाच.

विचारण्याइतकंच बघणं पण महत्त्वाचं. पुन्हा मारियनथाल: ही मंडळी खिडकीआड बसून रस्त्यावरून लोक कसे चालतात ते मोजायची. बेकार पुरुष रमतगमत, सारखे थांबत जायचे, बायका त्यांच्या साधारण दीडपट वेगाने, कारण बायकांचं घरकाम बंद पडलेलं नव्हतं. "बेकारीमुळे वेळेचं भान सुटतं" हे कुणीही लिहील, पण घड्याळ घेऊन खिडकीत बसणं कुणाला सुचलं? तुमच्या विषयात असं काय मोजता येईल याचा एक दिवस बसून विचार करा. दाराची कडी दिवसा लावलेली असते का, ओट्यावर बसायची जागा आहे का की तिथे आता गाडी लावतात, संध्याकाळी जिन्यात किती लोक बोलताना दिसतात. आणि दर वेळी त्याच वेळेला, त्याच जागेवरून मोजायचं, उन्हाळ्यातला आकडा पावसाळ्यातल्या आकड्याशी लावायचा नाही.

पायरी ७: "मुळे" लिहिण्याआधी

मोबाइल आला, येणंजाणं कमी झालं, म्हणून मोबाइलमुळे कमी झालं. थांबा. त्याच वर्षांत लोक लांब कामाला जायला लागले असतील, बायका नोकरीला लागल्या असतील, वस्तीत नवे लोक आले असतील.

यासाठी तुलनेचं ठिकाण लागतं. कॅनडातला एक अभ्यास यात मला फार आवडतो. १९७३ मध्ये टॅनिस मॅकबेथ आणि तिच्या टीमला एक गाव सापडलं जिथे डोंगररचनेमुळे टीव्हीचा सिग्नलच पोचत नव्हता आणि तो लवकरच पोचणार होता. त्यांनी त्याला नोटेल असं टोपणनाव दिलं, आणि एक चॅनल दिसणारं एक गाव, बरेच चॅनल दिसणारं एक गाव, अशी आणखी दोन जोडीला घेतली. टीव्ही यायच्या आधी तिन्ही गावांत मोजमाप केलं, दोन वर्षांनी परत केलं. नोटेलमध्ये गावातल्या कार्यक्रमांना, खेळांना जाणं कमी झालं, मुलांमधली मारामारी वाढली. इथे आधीचं मोजमाप पण आहे आणि तुलना पण आहे, म्हणून "मुळे" म्हणायचा थोडा तरी हक्क पोचतो. तरी शेवटी तीनच गावं, हे पण विसरायचं नाही.

आकड्यांतला दुसरा सापळा: वस्तीचा आकडा बघून माणसाबद्दल बोलणं. १९५० मध्ये विल्यम रॉबिन्सनने १९३० च्या अमेरिकन जनगणनेवर दाखवलं की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त त्या राज्यांत निरक्षरता कमी. मग परदेशी लोक जास्त शिकलेले? उलट, माणूस माणूस धरून बघितलं तर त्यांच्यातच निरक्षरता जास्त होती, फक्त ते जाऊन राहिले होते शिकलेल्या राज्यांत. म्हणून वस्तीचा डेटा असेल तर वाक्य वस्तीबद्दलच लिहा.

आणि बदल सगळ्यांत एकदम होत नाही. अमेरिकेतल्या आयोवात मक्याचं संकरित बियाणं शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं यावर ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांचा १९४३ चा पेपर आहे. २५९ शेतकरी, दोघं सोडून सगळ्यांनी १९२८ ते १९४१ या काळात ते बियाणं घेतलं. पण पहिल्या पाच वर्षांत जेमतेम १० टक्के, पुढच्या तीन वर्षांत एकदम ४० टक्क्यांपर्यंत. बियाण्याची बातमी सगळ्यात जास्त जणांना विक्रेत्याकडून कळली, पण घेऊ या असं वाटलं ते शेजाऱ्याचं बघून. समजा तुम्ही १९३२ मध्ये एकदाच जाऊन आला असतात तर "शेतकरी नवीन काही घेत नाहीत" असा रिपोर्ट लिहून मोकळे झाला असतात. म्हणून प्रत्येकाला "घेतलं का" एवढंच न विचारता "कधी घेतलं, कुणाचं बघून घेतलं, त्याआधी कधीपासून माहीत होतं" हे तीन प्रश्न जोडून विचारा.

पायरी ८: नोंदी, परवानगी, नावं

त्याच रात्री लिहायचं. दुसऱ्या दिवशी माणसाने काय सांगितलं ते आठवतं पण कसं सांगितलं ते जातं.

बॅकअपचं सांगायलाच नको, तरी सांगतो. नामवंत समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये कर्नाटकातल्या एका गावात राहून फील्डवर्क केलं, त्यावरून वर्षानुवर्षं तयार केलेल्या नोंदींच्या तीन प्रती होत्या, आणि एप्रिल १९७० मध्ये स्टॅनफर्डच्या ऑफिसला आग लागली त्यात तिन्ही गेल्या. तिन्ही एकाच इमारतीत होत्या ना. त्यांनी मग आठवणीवरून पुस्तक लिहिलं, पण ते श्रीनिवास होते. तुम्ही एक कॉपी वेगळ्या इमारतीत ठेवा.

परवानगीचा फॉर्म ही फॉर्मॅलिटी समजू नका. लहान वस्तीत नाव बदलून काही होत नाही, "वस्तीतली एकमेव नर्स" असं लिहिलं की संपलं, सगळ्यांना कळतं कोण ते. दोन माणसं मिळून एक करा, नाहीतर व्यवसाय बदला, किंवा तो तपशील सोडूनच द्या, कितीही भारी असला तरी. आणि माणूस मधेच म्हणाला की हे लिहू नका तर लिहायचं नाही, वाद घालायचा नाही.

पायरी ९: लिहिताना

जे बदललं नाही ते पण लिहा, त्यासाठी वेगळा भाग ठेवा. बदल शोधायला गेलेल्या माणसाला बदलच दिसतो, आणि तिथल्या तिथे राहिलेल्या गोष्टी रिपोर्टमध्ये येतच नाहीत, खरं तर आजूबाजूला सगळं हलत असताना एखादी गोष्ट तशीच टिकली तर तिला कुणीतरी टिकवून धरलेलं असतं आणि ते कोण हे शोधण्यासारखं असतं. "समाजात", "लोकांमध्ये", "आजकाल" हे शब्द दिसले की तिथे थांबून कोण, किती, कधी हे टाकता येतं का बघा. नाही टाकता आलं तर ते वाक्य काढा. ते रंगीबेरंगी शब्दांचे ढग (वर्ड क्लाउड, म्हणजे जास्त वेळा आलेले शब्द मोठे दाखवणारं चित्र) पण नकोत, त्यातून कुणालाही कधी काही कळलेलं नाही असं माझं ठाम मत आहे.

आणि रिपोर्टच्या मागे जोडायचं ते विसरू नका: प्रश्नांची यादी शब्दशः, विचारल्या त्याच क्रमाने, घरं कशी निवडली, किती जणांनी नकार दिला, कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी गेलात, वस्तीची हद्द कुठे धरली त्याचा हाताने काढलेला का होईना नकाशा. दहापंधरा वर्षांनी कुणी तिथे परत गेलं तर त्याला तुमच्या निष्कर्षांपेक्षा ही पानं जास्त लागणार आहेत. कॉलेजच्या लायब्ररीत एक प्रत द्या, आणि सॉफ्ट कॉपी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पण ठेवा, आजच्या सॉफ्टवेअरची फाइल तेव्हा उघडेलच असं नाही.